काळ्या मातीतली उपसंपदा

निर्मल जिल्ह्यात खानापूर मंडलात गोदावरीच्या पात्रात बादनकुर्ती नावाचे बेट आहे. बावरी ब्राह्मणाचा आश्रम इथलाच, असे तेलंगणातले काही इतिहासप्रेमी मानतात. गोदावरीच्याच खोऱ्यात, राज्याच्या सीमेपलीकडे नांदेड जिल्ह्यात दाभडचे महाविहार बावरीनगर आहे. तिथे दर वर्षी पौष पौर्णिमेला धम्म परिषद भरते आणि त्या जागेचे नावही त्याच बावरीवरून पडले आहे. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात एवढेच सांगितले आहे की बावरी अश्मक देशात अळकाजवळ गोदावरीकाठी राहत होता आणि त्याने आपले सोळा शिष्य प्रतिष्ठान, माहिष्मती, उज्जैनमार्गे बुद्धाकडे धाडले. दोन्ही दाव्यांत खरा कोणता, हा वाद इतिहासकारांनी घालावा. या लेखाला त्या कथेतला एक साधा तपशील पुरेसा आहे. गोदावरीकाठावरून बुद्धाच्या भेटीला गेलेल्या त्या सोळा नावांत बाईचे नाव नाही. आज त्याच काठावरच्या मुधोळ, भैंसा, बासर भागातली एखादी मराठी बौद्ध मुलगी उठून म्हणाली, की मला श्रामणेरी व्हायचे आहे आणि पुढे भिक्खुणी, तर तिला काय उत्तर मिळेल? हा भाग नांदेडमधून आदिलाबाद जिल्ह्यात गेला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबरची. म्हणजे दीक्षा आणि सीमा अठरा दिवसांच्या अंतराने आल्या. नातीगोती, जयंतीच्या मिरवणुका, वर्षावासातले ग्रंथवाचन या सगळ्यांत इथला बौद्ध समाज महाराष्ट्राकडेच पाहत राहिला, आणि भिक्खुणीसंघाच्या प्रश्नाचे उत्तरही त्याला तिकडूनच यावे लागणार आहे.

उत्तर बहुतेक वेळा असे येते: "इच्छा चांगली आहे, पण थेरवादात आता भिक्खुणी होता येत नाही, परंपरा तुटली आहे." हे सांगणारे भन्ते खोटे बोलत नसतात. स्त्रीच्या उपसंपदेसाठी, म्हणजे संघातल्या पूर्ण दीक्षेसाठी, आधी दोन वर्षे सहा शिक्षापदांचे पालन करणारी शिक्षमाणा व्हावे लागते आणि मग दोन्ही संघांकडून, म्हणजे आधी भिक्खुणींकडून आणि नंतर भिक्खूंकडून, उपसंपदा घ्यावी लागते, असा पाली विनयाचा, म्हणजे संघाच्या नियमग्रंथाचा, नियम आहे. श्रीलंकेतला भिक्खुणीसंघ चोळांच्या स्वाऱ्यांनंतर अकराव्या शतकाच्या सुमारास नामशेष झाला. भिक्खुणीच नाहीत, तर पहिली अर्धी उपसंपदा देणार कोण? तर्क बिनतोड वाटतो. पण ज्या ग्रंथातून तो उचलला, तोच ग्रंथ दोन-चार पाने पुढे-मागे चाळला तर वेगळेच चित्र दिसते. उपसंपदेचा विधी माणसांच्या अडचणीपुढे पुन्हा पुन्हा वाकवला गेला आहे, आणि तो वाकवण्याचे सगळ्यांत ठळक उदाहरण आपल्याच दक्षिणापथाचे आहे.

विनयाच्या महावग्गातली सोण कुटिकण्णाची गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम वाचावी अशी आहे. सोण अवंतीतल्या कुररघर गावचा. त्याला भिक्खू व्हायचे होते आणि महाकच्चान थेर त्याचे उपाध्याय होणार होते. उपसंपदेला दहा भिक्खू लागत, आणि अवंती-दक्षिणापथात भिक्खू इतके थोडे होते की दहा जमवायला तीन वर्षे लागली. पुढे सोण बुद्धाच्या भेटीला निघाला तेव्हा महाकच्चानांनी त्याच्याबरोबर काही मागण्या पाठवल्या. आमच्याकडे माणसे कमी आहेत, तेव्हा कमी जणांत उपसंपदा देऊ द्या. आमच्याकडची जमीन काळी आहे, खरबरीत आहे, गुरांच्या खुरांनी तुडवून टणक झालेली आहे, तेव्हा जाड तळव्यांच्या वहाणा वापरू द्या. इकडचे लोक अंघोळीला महत्त्व देतात, तर वरचेवर स्नान करू द्या. मुधोळ-भैंसाकडच्या कापसाच्या रानात उन्हाळ्यात अनवाणी चाललेल्या माणसाला त्या वहाणांचे कलम समजावून सांगावे लागणार नाही. बुद्धाने या मागण्या मान्य केल्या. मध्यदेशाबाहेरच्या प्रांतांत विनय जाणणारा एक धरून पाच भिक्खू पुरे, असे ठरले. काळ्या मातीच्या मुलखात नियम पाळणे अवघड जाते एवढ्या कारणाने संघात प्रवेश देण्याचा कायदा बदलला, आणि बदलणारे स्वतः बुद्ध होते.

स्त्रियांच्या बाबतीतही असेच घडले. विनयाच्याच चुल्लवग्गाच्या दहाव्या खंधकात (प्रकरणात) काशीच्या अड्ढकाशी गणिकेची कथा येते. तिला उपसंपदेसाठी बुद्धाकडे जायचे होते, पण वाटेत गुंड टपून बसल्याचे कळले. तिने निरोप पाठवला. निर्णय असा झाला की तिने स्वतः यायची गरज नाही, तिच्या वतीने दूती पाठवावी आणि उपसंपदा द्यावी. त्याच खंधकात आणखी एक प्रसंग आहे. उपसंपदेआधी विचारायचे प्रश्न शरीराबद्दलचे असत, मासिक पाळीबद्दलचेही, आणि पुरुषांपुढे उत्तरे देताना बायका लाजून गप्प राहत. तेव्हा ठरले की हे प्रश्न आधी भिक्खुणींनी विचारावेत आणि स्त्री तिथे शुद्ध ठरली की मग भिक्खूंपुढे जावे. दोन्ही संघांची उपसंपदा प्रत्यक्षात रुळली ती या कारणाने. ती स्त्रीच्या सोयीसाठी आली. आज तोच नियम स्त्रीला दाराबाहेर ठेवण्यासाठी वापरला जातो, तेव्हा त्याचा हेतू उलटा होतो. शिवाय या सगळ्याच्या आधी, बुद्धाची मावशी महाप्रजापती गोतमी हिच्याबरोबर आलेल्या शाक्य स्त्रियांचे काय करायचे असा प्रश्न आला होता, आणि भिक्खूंनीच भिक्खुणींना उपसंपदा द्यावी अशी थेट अनुज्ञा तेव्हा दिलेली आहे. ती अनुज्ञा पुढे कुठेही मागे घेतलेली नाही. पुरुषांच्या बाबतीत नुसत्या त्रिशरणाने दिली जाणारी जुनी उपसंपदा बंद करताना बुद्धाने ती बंद केल्याचे स्पष्ट सांगितले होते. स्त्रियांच्या बाबतीत तसे वाक्य नाही. नंतरच्या नियमाने आधीचा आपोआप रद्द होतो, असे विरोधी पंडित म्हणतात. म्हणोत. पण रद्द करायचे असते तेव्हा हा ग्रंथ ते स्पष्ट बोलून दाखवतो.

इथे सगळ्यांत जुना आक्षेप पुढे येतो. बुद्धाने स्वतःच गोतमीला तीनदा नकार दिला नव्हता का? शिष्य आनंद याने रदबदली केली म्हणून आठ गरुधम्मांच्या (भिक्खुणींवरच्या आठ कडक नियमांच्या) अटीवर होकार दिला, आणि वर असेही म्हटले की स्त्रिया संघात आल्याने सद्धर्म हजार वर्षांऐवजी पाचशेच वर्षे टिकेल. या कथेला टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे नाही. उपसंपदेला शंभर वर्षे झालेली भिक्खुणीही आजच उपसंपन्न झालेल्या भिक्खूला वंदन करील, हा पहिलाच गरुधम्म वाचून आजच्या वाचकाला ठेच लागते आणि लागायलाच हवी. पण कथेची चिकित्सा आपल्याकडे फार पूर्वी झाली आहे. गोव्याच्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली श्रीलंकेत जाऊन प्रव्रजित झाले, पाली त्रिपिटक मुळातून शिकले, आणि १९४०-४१ मध्ये मराठीत लिहिलेल्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी गरुधम्मांची कथा मागाहून रचलेली असल्याचे मत मांडले. त्यांचा मुद्दा वकिली नेमकेपणाचा आहे. विनयाची रीतच अशी की आधी दोष घडतो, मग नियम होतो. दोष घडण्याआधी आठ नियम एकदम लादले गेले, हे त्या रीतीत बसत नाही. या मुद्द्याला कथेतलीच आणखी एक विसंगती जोडता येते. सहावा गरुधम्म दोन वर्षांच्या शिक्षमाणेची आणि दोन्ही संघांची भाषा करतो. गोतमीच्या वेळी भिक्खुणीसंघच नव्हता, तर दुसरा संघ आला कुठून? भाकिताबद्दल एवढेच म्हणावे लागेल की पाचशे वर्षे उलटून दोन हजार वर्षे होत आली. तेव्हा ते बुद्धवचन म्हणून जपण्यात बुद्धाचा मान वाढत नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनीही या प्रश्नाला हात घातला होता. बुद्धाने स्त्रीला कमी लेखले या आरोपाला उत्तर देणारा त्यांचा हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवरचा लेख १९५१ मध्ये 'महाबोधी' मासिकात आला. त्यात त्यांनी स्त्रियांविषयीचे काही उतारे प्रक्षिप्त ठरवले आणि परिव्रज्येचा अधिकार स्त्रीला मिळणे हीच मोठी क्रांती असल्याचे दाखवले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मात्र त्यांनी गोतमीची कथा आठ नियमांसह ठेवली, आणि नकारामागे स्त्री-पुरुष विषमता नसून व्यवहाराच्या अडचणी होत्या, असा अर्थ लावला. कोसंबी कथेचा काळ तपासतात, बाबासाहेब तिचा हेतू तपासतात. मला कोसंबींचा मार्ग अधिक भक्कम वाटतो, कारण व्यवहारी अडचण वंदनाच्या पहिल्या नियमाला लागू पडत नाही. त्या वंदनात संरक्षण कसले आहे? पण दोघेही एका जागी येऊन मिळतात: स्त्रीला निब्बाण साधता येते, आणि तिला संघाबाहेर ठेवण्याला बुद्धाचा आधार नाही.

तुटलेल्या परंपरेचा आक्षेप दुसऱ्या बाजूनेही तपासावा. पुरुषांची परंपरा किती वेळा तुटली? चोळांनंतर श्रीलंकेत राजा पहिला विजयबाहू याला ब्रह्मदेशातून भिक्खू आणावे लागले. १७५३ मध्ये पुन्हा तशीच वेळ आली, तेव्हा सयामहून उपाली थेर आले आणि सियाम निकाय उभा राहिला. त्यातून जातीच्या कारणाने वगळलेल्यांनी ब्रह्मदेशाची वाट धरली आणि परत येऊन १८०३ मध्ये अमरपूर निकाय काढला. पुरुषांसाठी परदेशातून परंपरा आणली तर तिला पुनरुज्जीवन म्हणायचे आणि स्त्रियांसाठी आणली तर भेसळ, हे कसे चालेल? इ.स. ४३३च्या सुमारास देवसारा थेरीसह सिंहली भिक्खुणी आजच्या नानजिंगला गेल्या होत्या आणि तिथल्या स्त्रियांची दोन्ही संघांची उपसंपदा त्यांच्यामुळे झाली. चीन, तैवान, कोरिया, व्हिएतनाममधल्या भिक्खुणी आपले मूळ तिथे लावतात. त्या धर्मगुप्तक विनय पाळतात, थेरवाद नव्हे, हा फरक खरा आहे. मधल्या शतकांत तिकडेही अनेक उपसंपदा फक्त भिक्खूंच्या हातून झाल्या, हेही खरे. म्हणून केवळ चीनच्या धाग्यावर सगळा भार टाकू नये. भिक्खूंनी उपसंपदा द्यावी ही मूळ अनुज्ञा आणि चीनकडून आलेला धागा, दोन्ही एकत्र वापरले तर विनयाच्या दृष्टीने जागा पक्की होते. १९९६ च्या डिसेंबरात सारनाथला श्रीलंकेच्या दहा शीलमातांना (उपसंपदेविना दशशील पाळणाऱ्या साधिकांना) कोरियन संघाच्या साहाय्याने उपसंपदा मिळाली. १९९८ च्या फेब्रुवारीत बोधगयेला तैवानच्या फो गुआंग शान संघाने देशोदेशींच्या शंभराहून अधिक स्त्रियांना उपसंपदा दिली, त्यांत भारतीय स्त्रियाही होत्या. त्याच वर्षी श्रीलंकेतल्या दंबुल्लाला सिंहली भिक्खूंनी स्वतः विधी सुरू केला. भूतानमध्ये जून २०२२ मध्ये तिथले प्रमुख धर्मगुरू जे खेनपो यांनी १४४ स्त्रियांना पूर्ण उपसंपदा दिली. थायलंडमध्ये मात्र १९२८ चा संघराजांचा मनाईहुकूम अजून आडवा येतो आणि तिथल्या स्त्रिया उपसंपदेसाठी श्रीलंकेला जातात.

महाराष्ट्र आणि तेलंगणातल्या बौद्धांवर असा कोणाचा हुकूम चालत नाही. आपल्याकडे संघराज नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला काय घडले, तेही आठवावे. बाबासाहेबांनी कुशीनाराच्या चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग चीवर न घेतलेल्या त्या गृहस्थाने लाखोंच्या समुदायाला स्वतः दीक्षा दिली, वर बावीस प्रतिज्ञा जोडल्या. जुन्या कोणत्याही विधिग्रंथात हे बसत नव्हते. विधीत बसत नाही म्हणून ती दीक्षा अवैध ठरवणारा मराठी बौद्ध मला तरी माहीत नाही. ज्या समाजाचा जन्मच अशा विधी बदलण्यातून झाला, त्याने मुलींपुढे तुटलेल्या परंपरेची सबब सांगावी, हे विसंगत आहे.

शिवाय भिक्खुणी इथे नवीन नाहीत. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत एक दानलेख आहे. प्रव्रजिता पदुमनिका हिने लेणे आणि पाण्याची पोढी दान केली. ती प्रव्रजिता नागनिकेची मुलगी, पतिमित आणि अगिमित या थेरांची भाची, आणि दानात तिच्याबरोबर तिच्या दोन शिष्या आहेत, बोधी आणि असाळ्हमिता. एका लेखात आई, मुलगी आणि शिष्या अशा स्त्रियांच्या तीन पिढ्या भेटतात. मामा थेर आहेत, म्हणजे अख्खे घर संघात. ही बाई कुणाच्या मेहेरबानीवर कोपऱ्यात बसलेली दिसत नाही. तिच्याकडे खडक कोरून घेण्याइतका पैसा होता, शिष्या होत्या आणि दगडावर आपले नाव कोरण्याचा अधिकार होता. कार्ल्याच्या चैत्यगृहात घुणिकाची आई असलेल्या भिक्खुणीचे दान आहे, कान्हेरीला थेरींची दाने आहेत, सांचीला तर दान देणाऱ्या भिक्खू आणि भिक्खुणींची संख्या जवळपास सारखी भरते. मथुरेला भिक्खुणी आनंदाच्या स्तूपाची पूजा करतात, कारण त्यानेच त्यांच्यासाठी शब्द टाकला होता, असे पाचव्या शतकात चिनी यात्रेकरू फाहियानने लिहून ठेवले आहे.

मग त्या गेल्या कुठे? चौथ्या-पाचव्या शतकानंतर दानलेखांतून भिक्खुणी दिसेनाशा होतात. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या चिनी भिक्खू इत्सिंगने भारतातल्या भिक्खुणींबद्दल लिहिले आहे की त्या भिक्षेवर कशाबशा गुजराण करतात, त्यांची राहणी गरिबीची आहे आणि त्यांना मिळणारे लाभ फार थोडे आहेत. नालंदेसारख्या विहारांना गावेच्या गावे इनाम मिळत होती, त्याच काळातली ही नोंद. भिक्खुणीसंघावर बंदी घालणारा एकही आदेश भारतात सापडत नाही. दान आटले, आणि दान आटल्यावर संघ आटला. माझ्या मते आजच्या वादात सगळ्यांत कमी बोलला जाणारा आणि सगळ्यांत महत्त्वाचा पुरावा हाच आहे.

आंबेडकरी चळवळीतून येणारा आक्षेप वेगळ्या तऱ्हेचा आहे. आपल्याला चीवरधारी कशाला हवेत, शिकलेल्या, संसार करून समाजाचे काम करणाऱ्या स्त्रिया हव्यात. आणि गरुधम्म मानणारी भिक्खुणी समतेच्या चळवळीत बसते कशी? यात तथ्य आहे. त्रैलोक्य (आता त्रिरत्न) बौद्ध महासंघाने धम्मचारिणींची वाट काढली, तिथे स्त्री-पुरुषांची दीक्षा एकसारखीच आहे, आणि ज्यांना ती पुरते त्यांनी ती घ्यावी. पण बाबासाहेबांनी संघ मोडीत काढला नव्हता. भिक्खू आळशी आणि अविद्वान राहिल्याची तक्रार करताना त्यांना शिकलेला, सेवा करणारा भिक्खू हवा होता. असा पूर्णवेळ माणूस पुरुषच असावा असे कुठे आहे? गरुधम्मांचे म्हणाल तर त्यांवर खुद्द भिक्खुणींतच मतभेद आहेत, आणि तो निकाल त्यांनी संघात बसून लावावा. बाहेर उभे राहून "तुमचे नियम विषम आहेत, म्हणून तुम्हाला प्रवेश नको" असे म्हणणे म्हणजे विषमतेची शिक्षा भिक्खुणीच्याच पदरात टाकणे आहे. महानुभाव पंथाने तेराव्या शतकापासून संन्यासिनी सांभाळल्या, त्या अजूनही आहेत. मराठी समाजाला संन्यासी बाई पचत नाही, असे म्हणायला जागा नाही.

महाराष्ट्रात आज मराठी भिक्खुणी आहेत, लोक त्यांना "आर्याजी" म्हणतात. तरी गावोगावच्या विहारांत स्त्री प्रामुख्याने दिसते ती उपासिका म्हणून. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत पांढऱ्या साड्या नेसून ग्रंथ वाचायला बसतात त्या बहुतांशी बायका. विहार झाडणे, वंदनेला मेणबत्त्या-अगरबत्त्या लावणे, भोजनदानाचा स्वयंपाक, सगळे त्यांचेच. विहार म्हणजे सहसा एक हॉल, पुढे शटर नाहीतर जाळीचा दरवाजा, समोर बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, कोपऱ्यात सतरंज्यांची चळत, आणि नळ असला तर बाहेर. भन्ते आले तर तिथेच पथारी टाकतात. भिक्खुणीला ते शक्य नाही. तिच्या विनयात ३११ शिक्षापदे आहेत, भिक्खूंच्या २२७. त्यांत एक असे की तिने एकटीने रात्र काढू नये, एकटीने गावोगाव फिरू नये. हे नियम स्त्रियांवर ओढवलेल्या वाईट प्रसंगांतून आले. म्हणजे गावाला एक भिक्खुणी हवी असेल तर दोघींची सोय लागते: आतून कडी लागेल अशी खोली, न्हाणीघर, संडास, आणि रोजच्या जेवणाची पाळी. विनयाच्या सगळ्या वादापेक्षा निर्मल-नांदेडच्या पट्ट्यात हीच अडचण खरी आहे, आणि ती सुटण्यासारखी आहे.

पाली अट्ठकथेत (टीकाग्रंथात) सांगितले आहे की अंधवनात एकटी राहणाऱ्या उप्पलवण्णा भिक्खुणीवर अत्याचार झाला, तेव्हा बुद्धाने भिक्खुणीसंघ बंद केला नाही. त्यांनी पसेनदी राजाला बोलावून नगरातच भिक्खुणींसाठी निवास बांधायला सांगितले, आणि राजाने तो बांधला. आपल्याकडे राजा नाही, विहार समित्या आहेत. पुढच्या बांधकामाची वर्गणी गोळा करताना मूर्तीची उंची दोन फुटांनी कमी करा, आणि मागच्या बाजूला आतून कडी लागणाऱ्या दोन खोल्या काढा.